जावयांनी मोडलेला बहिष्कार

माझ्या शिक्षणासाठी मी ज्यांचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, ते माझे गुरुजी नव्हते आणि नातेवाईकही नव्हते. ते भंडाऱ्यातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानातले मशीनवाले भाऊ होते. त्यांचं नाव इथं छापलेलं त्यांना आवडणार नाही, आणि आम्ही पोरांनी ते कधी घेतलंही नाही. लहानमोठे सगळे त्यांना भाऊच म्हणायचे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी करडीहून एस.टी.ने भंडाऱ्याला कॉलेजात जात असे. घरी धानाची शेती. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. तास दुपारी संपायचे आणि परतीची गाडी संध्याकाळी असायची. मधला वेळ मी स्टँडजवळच्या गेमच्या दुकानात घालवायचो. एका अरुंद खोलीत कपाटाएवढी काही मशीनं उभी होती. टोकन टाकायचं, दांडी हलवायची, बटण दाबायचं आणि पडद्यावरची विमानं पाडायची. हे सगळं मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचं होतं. ती मशीनं बनवायची, गावोगावी लावायची आणि प्रत्येक गावात ती सांभाळायला आपला एक मेकॅनिक ठेवायची. भंडाऱ्याचे मेकॅनिक म्हणजे भाऊ.

मशीनसोबत कंपनीचं एक जाडं इंग्रजी पुस्तक आलं होतं. एके दिवशी भाऊंनी ते माझ्यासमोर ठेवलं.

“तू बी.ए.ले आहेस ना? वाच.”

“भाऊ, माझं इंग्रजी कच्चं आहे. त्याच्यातच नापास झालो मी.”

“मंग मले कुठं पक्कं येते? तू शब्द वाच, मी मशीनीत पाहून सांगतो का त्याचा अर्थ काय निघते. दोघं मिळून पास होऊ.”

तेव्हापासून आमचा रिवाजच पडला. दुकानात गर्दी नसली की ते मशीनची मागची फळी काढायचे आणि मी बाजूला स्टुलावर बसून वाचायचो. मी ‘लूज’ वाचलं की ते एखादी तार हलवून दाखवायचे. ‘रिप्लेस’ वाचलं की जुना पार्ट काढून नवा बसवायचे. व्याकरण पाठ करून जी वाक्यं मला उलगडत नव्हती, ती इथं डोळ्यांसमोर घडायची. अडलेला शब्द मी कॉलेजच्या लायब्ररीतल्या शब्दकोशात बघून यायचो. पुन्हा नापास झालो तर कॉलेज बंद, असं बाबांनी सांगून ठेवलं होतं. पुढच्या परीक्षेत मी इंग्रजीत पास झालो. भाऊंनी त्या दिवशी दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, “आम्ही पास झालो.”

मी शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा दिवाळीच्या तोंडावर कंपनीचे साहेब नागपूरहून जीपने आले. दुकानात खेळ चालू असतानाच त्यांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं. कंपनीने सगळ्या गावांतले मेकॅनिक कमी केले होते. यापुढे नागपूरहून एक गाडी फिरेल आणि बिघडलेली मशीनं दुरुस्त करील. टोकन विकायला कोणीही चालेल. भाऊंनी दिवाळीपर्यंत काम करावं आणि चाव्या द्याव्यात.

भाऊंच्या दोन मुली भंडाऱ्याच्या शाळेत शिकत होत्या. राहायला भाड्याची खोली, आणि शेती तर त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती. साहेब गेल्यावर त्यांनी एका मशीनची काच पुसली. पुसून झाल्यावर तीच काच पुन्हा पुसली.

आम्ही खेळणारे बाहेर चहाच्या टपरीवर जमलो. वाटलं होतं तसं सगळ्यांचं एकमत काही झालं नाही. विमानं पाडण्यात आमच्यात सगळ्यात तरबेज असलेला हॉटेलवाल्याचा मुलगा म्हणाला, “मशीनी तं राहूनच राहिल्या ना? मंग आपलं काय गेलं?”

“तुले लाज नाही वाटत?” कॉमर्सचा एक मुलगा उसळला. तो माझ्याच गावचा. कॉलेजात कुठलाही मोर्चा असो, घोषणा द्यायला हा पुढे. “तुझी दांडी अडकली का कोणाले हाक मारतोस? कंपनीले का भाऊले?”

“भाऊले.”

“मंग?”

एक जण म्हणाला, मशीनच फोडू. भाऊंनी ते आतून ऐकलं आणि दारात येऊन उभे राहिले. “मशीनीले हात लावला तं माझ्याशी गाठ आहे. तिनं काय केलं तुमचं?”

शेवटी कॉमर्सवाल्याने तोडगा काढला. दिवाळीनंतर आमच्या करडीला मंडई भरायची. आमच्या भागात धान निघायच्या त्या दिवसांत गावोगावी मंडई असते. दंडार म्हणजे आमचं नाचगाण्याचं लोकनाट्य रंगतं, दुकानं लागतात आणि घरोघरी पाहुणे येतात. कंपनी दरवर्षी एक मशीन बैलबंडीवर लादून तिथं नेत असे. जनरेटर लावून दिवसभर खेळ चालायचा आणि कमाई दुकानाहून जास्त व्हायची. यंदा साहेब स्वतः येणार होते. तर त्या दिवशी कोणीच खेळायचं नाही. मशीनसमोर उभं राहायचं आणि दुसऱ्यालाही खेळू द्यायचं नाही. कंपनीला कळलं पाहिजे की खेळणारे भाऊंच्या बाजूने आहेत.

“मी तं तसाही पहिल्याच विमानात मरतो,” आमच्यातला एक विनोदी मुलगा म्हणाला. “मी नाही खेळलो तं कंपनीले काय फरक पडते?”

“तू मोजायले कामी येशील,” कॉमर्सवाला म्हणाला. सगळ्यांनी शपथ घेतली. हॉटेलवाल्याच्या मुलानेही घेतली.

मी मात्र आणखी एक गोष्ट केली. भाऊंना मंडईचं आवतण दिलं. ते बायको आणि मुलींसह सकाळच्या गाडीने आमच्या घरी पाहुणे म्हणून आले. आईने पाय धुवायला पाणी दिलं, बाबांनी खाट टाकली.

मशीन आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली उभं होतं. साहेब खुर्ची टाकून बसले होते. आम्ही पोरं समोरच्या पानठेल्याजवळ हाताची घडी घालून उभे होतो. सकाळभर मशीनकडे कोणी फिरकलं नाही. आमची छाती फुगली होती.

मग कॉमर्सवाल्याचे भाटवे आले, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीचा नवरा. लग्नानंतर ते मंडईला पहिल्यांदाच सासरी आले होते.

“काय साळेबुवा, हे दिवेवालं काय होय?”

“काही नाही, भावजी. खराब आहे ते.”

“खराब कसं? दिवे तं लागून राहिले.”

“चला ना, तिकडे दंडार चालू आहे.”

“दंडार आमच्याइकडेही आहे. हे नाही आमच्याइकडे.”

मंडईला आलेल्या जावयाला आमच्याकडे नाही म्हणता येत नाही, आणि जावई स्वतःच्या खिशात हात घालत नाही. कॉमर्सवाल्याने आमच्याकडे एकदा पाहिलं, खाली मान घातली आणि साहेबांकडून पहिलं टोकन त्यानेच विकत घेतलं. बहिष्कार ठरवताना ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मंडईचा दिवस निवडला, आणि मंडई म्हणजे पाहुणे, हेच विसरलो. प्रत्येकाचं कोणी ना कोणी मंडईला आलेलं होतंच; थोड्या वेळात कोणाच्या घरचा जावई, कोणाचा मामा, कोणाचा मावसा अशी रांग लागली आणि प्रत्येकामागे शपथ घेतलेला एकेक जण टोकन घेऊन उभा राहिला.

“मी नाही खेळून राहिलो,” आत्याच्या नवऱ्यामागे रांगेत उभा असलेला विनोदी मुलगा मला म्हणाला. “माझा फुफाजी खेळून राहिला.”

साहेब खूश होते. दुपारी जनरेटरने झटका खाल्ला आणि पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा आल्या. नागपूरचा मेकॅनिक त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेला होता. साहेबांनी मशीनला दोन थापा मारल्या. लोक ओरडू लागले. ज्या जावयाची पाळी होती तो रुसून बसला. तेवढ्यात साहेबांना आमच्या अंगणात भाऊ दिसले. ते बाबांसोबत जेवायला बसत होते.

साहेब अंगणात आले. “अरे, तू इथंच आहेस? चल, जरा बघून दे.”

बाबा उठले. “साहेब, बसा. पान वाढतो. जेवून घ्या.”

“जेवण राहू द्या. याला पाठवा.”

“हे आज आमच्या घरचे पाहुणे होत. पाहुण्याले काम सांगत नाही आम्ही.”

साहेब भाऊंकडे वळले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हे बघ, एवढं करून दे. मी ऑफिसात तुझ्यासाठी बोलतो. सोमवारी ये.”

भाऊंच्या बायकोने हातातली वाटी खाली ठेवली. भाऊ बाबांकडे पाहत होते.

“दादा, मले जाऊ द्या.”

बाबांनी विचार केला. “काम करायले नका जाऊ,” ते म्हणाले. “खेळ पाहायले जा. पाहुणा खेळ पाहू शकते.”

भाऊ हसले. जेवण तसंच ठेवून गेले. मी मागून टॉर्च घेऊन गेलो. बिघाड फार मोठा नव्हता. बंडीच्या हादऱ्यांनी आतला एक जोड ढिला झाला होता आणि झटक्याने तो सुटला. भाऊंनी फळी उघडली, जोड दाबून बसवला, आणि विमानं परत उडू लागली. साहेबांनी खिशातून नोट काढली. भाऊंनी हात मागे घेतला.

“आज नाही, साहेब. आज मी पाहुणा आहे.”

“भाऊ, तुम्हीच तं आमचा बहिष्कार मोडला,” कॉमर्सवाला हळूच म्हणाला.

“तो तं तुझ्या जवायानं सकाळीच मोडला बाप्पा,” भाऊ म्हणाले आणि जेवायला परत गेले.

सोमवारी ते नागपूरला गेले. दुपारपर्यंत बाकावर बसले. मग साहेबांनी बाहेर येऊन सांगितलं की हुकूम मुंबईचा आहे, त्यांच्या हातात काही नाही. साहेब खोटं बोलत होते असं भाऊंना वाटलं नाही. “त्याचाही नंबर लागन कधीतरी,” एवढंच ते मला म्हणाले.

दुकान उन्हाळ्यापर्यंत कसंबसं चाललं. मशीन बिघडलं की नागपूरच्या गाडीची वाट पाहावी लागे. दांड्या ढिल्या झाल्या. आम्ही एकेकाने तिथं जायचं सोडलं. पुन्हा कोणी शपथ घेतली नाही, बहिष्कार हा शब्दही काढला नाही. हॉटेलवाल्याच्या मुलाने सर्वांत शेवटी सोडलं. म्हणाला, “मजाच नाही राहिली बे.” एके दिवशी मशीनं ट्रकवर चढली आणि खोलीत सायकलचं दुकान आलं.

भाऊंनी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेवर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी बी.ए. झालो, बी.एड. केलं आणि एका गावी शाळेत लागलो. तिथून त्यांना पाठवलेलं पत्र असं होतं:

*आदरणीय भाऊंना साष्टांग नमस्कार.*

*मी इकडे बरा आहे. मुलींचं शिक्षण कुठपर्यंत आलं ते कळवावं. आमच्या शाळेत सरकारकडून एक संगणक आला आहे. टीव्हीसारखा पडदा आणि पुढे टाइपरायटरसारखी बटणं. सोबत इंग्रजी पुस्तक आहे. ते पाहून सगळे शिक्षक मागे सरकले. मी स्टूल घेतलं आणि मोठ्याने वाचू लागलो. वाचता येतं, पण मशीनमध्ये पाहून अर्थ सांगणारं माणूस इथं नाही. हेडसरांना मी तुमचं नाव सांगितलं आहे. तुमच्या कामाचे पैसे आणि गाडीभाडं शाळा देईल, असं त्यांनी कबूल केलं आहे.*

*पण एक विनंती आहे. कामासाठी मंडईच्या आधी या. मंडईला बाबांनी तुम्हा सगळ्यांना करडीला बोलावलं आहे, आणि त्या दिवशी ते तुमच्या हातात पेचकस धरू देणार नाहीत. मागच्या वेळी तुम्ही वाढलेल्या पानावरून उठून गेला होतात, हे आई अजून बोलून दाखवते.*

*तुमचा,*
*पुस्तक वाचणारा*