बाबूजींना आराम आहे

सासूबाईंचं आणि माझं कधी पटलं नाही. हे मी पाठीमागे बोलत नाही, त्यांच्या तोंडावर सांगून झालंय. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही साताऱ्याहून जयपूरला आलो आणि मागोमाग सासू-सासरेही आले. सासऱ्यांशी माझं बरं होतं. ते कमी बोलायचे आणि स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायचे. सासूबाईंनी मात्र आल्या आल्या माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, मुलं घेतली, शेजारणींशी हिंदीत बोलायचं कामसुद्धा घेतलं. हिंदी कसली, मराठी वाक्याच्या शेवटी 'है जी' चिकटवायचं!

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आधी त्याच तापल्या आणि लगेच ठणठणीत झाल्या. मग मी आणि सासरे एकदमच पडलो. मी मागच्या खोलीत, दार बंद. नवऱ्याला बँकेत जाणं भाग होतं. त्यामुळे सासऱ्यांचं सगळं करणं आणि डॉक्टरांचा फोन घेणं, दोन्ही सासूबाईंकडे. "मी बघते, तू पड मुकाट्यानं," म्हणाल्या. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र तेव्हा शोधूनही मिळत नव्हतं. डॉक्टरांची भिस्त होती ती रक्ताच्या रिपोर्टवर. पहिल्या रिपोर्टात सीआरपी जरासं वाढलेलं होतं. आत सूज किती भडकलीय, ते त्यावरून कळतं. "त्रास कमी नाही झाला तर लगेच पुन्हा रक्त तपासू," असं त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं.

पुन्हा काही कुणी तपासलं नाही. मी दाराआडून विचारलं की उत्तर यायचं, "डॉक्टरच नको म्हणाले. तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का?"

माझा ताप उतरला त्या सकाळी मी मास्क लावून बाहेर आले. सासूबाई फोनवर होत्या, स्पीकर लावून.

"माताजी, बाबूजी को आराम है?" डॉक्टरांनी विचारलं.

"हां जी, एकदम आराम! दिनभर आराम!"

"बहुत बढ़िया. फिर खून की जांच रहने दीजिए."

इकडे 'आराम है' म्हणजे बरं वाटतंय, दुखण्याला उतार पडलाय. आणि आमच्या बाई सांगत होत्या की माणूस दिवसभर पडून असतो, विश्रांती चालू आहे! रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. आत जाऊन बघते तर सासऱ्यांना माझं नाव घेतानाही धाप लागत होती.

डोक्यात तिडीक गेली. मी लॅबला फोन लावला. सासूबाई आडव्या आल्या. "एवढ्या अशक्त माणसाचं रक्त काढतेस? जीव घेणार आहेस का त्यांचा?" मी त्यांना जे बोलले, ते आजही पुन्हा बोलेन. रक्त गेलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. सीआरपी कुठल्या कुठे गेलेलं, आणि रक्तात गुठळ्या होतायत की काय ते दाखवणारं डी-डायमरही तसंच. डॉक्टर फोनवर ओरडलेच, "अभी के अभी भर्ती कीजिए!" हॉस्पिटलात खाट मिळाली. सासरे परत आले नाहीत.

तेव्हापासून घरात एकच पालुपद. "हिनं रक्त काढायला लावलं आणि ते खचले." वर्षश्राद्धाला तेच, नणंदेसमोर तेच, माझ्या मुलांसमोर तेच. एका शब्दात त्यांचं तोंड बंद झालं असतं. तो 'आराम' शब्द मी त्या सकाळपासून गिळून होते, आणि दयेपोटी वगैरे मुळीच नाही. सगळ्यांत जास्त कधी लागेल, त्याची वाट बघत होते.

परवा सासूबाईंचा गुडघा सुजला. समोरच्या फ्लॅटमधल्या भाभीजी डोकावल्या. "आंटीजी, घुटने में आराम है?"

"हां जी, आराम है," सासूबाई पाय स्टुलावर टाकून म्हणाल्या.

"अरे वाह! तो चलिए, गोविंददेवजी के दर्शन कर आते हैं."

"कैसे चलूं? इतना दुखता है जी!"

"अभी तो बोलीं कि आराम है!" भाभीजी हसत सुटल्या. "आराम मतलब ठीक लगना, आंटीजी." आणि गेल्या.

सासूबाई हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डॉक्टर रोज हेच विचारायचे गं."

मी भाजी निवडत होते.

"आराम म्हणजे..." त्या माझ्याकडे वळल्या. "आराम म्हणजे बरं वाटणं?"

हीच ती वेळ. इतकी वर्षं घोटून ठेवलेलं सगळं तोंडाशी आलं. मी वर बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"त्या भाभीजींचं काय ऐकता?" मी खेकसले. "आराम म्हणजे आराम. पाय खाली घेऊ नका."