पत्र्याच्या शेडमधली गाडी

गावात इलेक्ट्रिक गाडी घेणारा पहिला माणूस मी. वसमतच्या शाळेत मास्तर आहे. हट्ट्याच्या अलीकडच्या आमच्या गावाहून रोज जाऊन येऊन करतो. गाडी आली तसं तिच्यासाठी वाड्याला लागून शेड बांधलं, तिन्ही बाजूंनी पत्रा, वरूनही पत्रा. अंगणातल्या लिंबाखाली ठेवली तर पाखरं घाण करतील, रंग उतरेल, असं मला वाटायचं.

गाडीत कंपनीनंच सिम बसवलेलं. त्याला नेटवर्क मिळालं की चार्जिंग किती झालं, लाइट गेल्यानं मध्येच थांबलं का, हे सगळं मोबाइलवर दिसायचं. शाळेत स्टाफरूममध्ये बसून मी बाहेर उभ्या गाडीचा एसी चालू करून दाखवायचो. मास्तर लोक हसायचे, पण त्यांच्या डोळ्यांत मला जे पाहायचं होतं ते दिसायचं. घरी आलं की मात्र मोबाइलवर एकच ओळ: गाडीशी संपर्क नाही. रात्री चार्जिंगला उभी असतानाच होणारं गाडीचं नवीन अपडेट अर्ध्यात अडकलं होतं आणि समोरच्या पडद्यावर पिवळी खूण रोज दिसायची. नांदेडच्या सर्व्हिस सेंटरमधल्या पोरानं फोनवर सांगितलं, "सर, घरी सिग्नल कमी आहे तुमच्याकडं."

म्हणून मी सिग्नल वाढवायचा बूस्टर आणला. नांदेडच्याच एका दुकानातून. गच्चीवर लोखंडी पाईप, त्यावर अँटेना, तिथून वायर शेडमध्ये, आणि शेडमध्ये एक डबा. दुकानदार हळूच म्हणाला होता, "कुणी विचारलं तर टीव्हीचा आहे म्हणा." मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कळलंही होतं. त्याच संध्याकाळी गाडी मोबाइलवर दिसायला लागली आणि मी बायकोला दोनदा बोलावून दाखवलं.

शेजारच्या घरात माझी चुलत भावजय एकटी राहते. भाऊ वारला तीन वर्षांपूर्वी. एकच लेक, चाकणकडं दिलेली, तेव्हा सातवा महिना चालू होता तिला. रोज दिवेलागणीला लेकीचा फोन यायचा आणि वहिनी ओट्यावर बसून बोलायची. भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं, काय खाल्लं, पाय सुजले का.

बूस्टर लावल्यावर चार-पाच दिवसांनी वहिनी अंगणात आली. "भाऊजी, तुमचा फोन लागून राहिला का? माझ्या फोनमधी कांड्या तर भरून दिसतात, पण लागतच न्हाई."

"टॉवरचंच काहीतरी असंल," मी म्हणालो.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "ते वरचं एक दिवस बंद करून बघा की."

"त्याचा अन् तिच्या फोनचा काय संबंध?"

संबंध आहे हे मी आदल्याच दिवशी मोबाइलवर वाचलं होतं. असल्या डब्यानं टॉवरलाच त्रास होतो, आजूबाजूच्यांचे फोन लागेनासे होतात. पण अपडेट पूर्ण व्हायचं होतं.

मग एका सकाळी हट्ट्याहून तिचे एक पाहुणे मोटारसायकलवर आले. जावयानं शेवटी त्यांना फोन केला होता. आदल्या दुपारी लेकीला दवाखान्यात न्यावं लागलं. लेकरू हाती लागलं नाही. वहिनी उंबऱ्यावर बसली, ती उठेचना. बायकोनं तिची पिशवी भरली. वसमतच्या स्टँडवर सोडायला मी गाडी काढली.

गाव सोडून मैलभर गेलो असू, तिच्या हातातला फोन वाजायला लागला. एकामागून एक मेसेज. वहिनीला वाचता येत नाही. तिनं फोन माझ्यापुढं धरला.

"बघा बरं भाऊजी, काय आलंय."

मी गाडी कडेला घेतली. लेकीच्या नंबरावरून आलेले मिस्ड कॉल होते. दुपारपासून संध्याकाळपर्यंतचे.

"किती वाजता केला व्हता तिनं?"

मी वाचून दाखवलं. पहिला दोन वाजून दहा मिनिटांनी. मग सव्वादोन. मग अडीच. ती प्रत्येक वेळेला "व्हय" म्हणत होती, हजेरी घेतल्यासारखी. सहापर्यंत वाचलं आणि थांबलो. पुढचे होते, पण माझ्यानं वाचवेना.

"मी घरीच व्हते की," ती म्हणाली. "फोन मांडीवर घेऊन बसले व्हते. काहून लागला नसंल?"

मी गाडी चालू केली.

घरी येऊन डब्याची पिन काढली. हे सांगितलं की मला थोडं बरं वाटतं, म्हणून पुढचंही सांगितलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी मी ती परत लावली. वहिनी तर चाकणला आहे, अपडेट होईपर्यंतच, असं स्वतःला सांगितलं. अपडेट झालं, पिवळी खूण गेली, आणि पिन तशीच राहिली.

पंधरवड्यानं मोबाइल कंपनीची दोन माणसं आली. गावातून तक्रारी गेल्या होत्या. हातात सिग्नल शोधायचं, माशाच्या काट्यासारखं यंत्र फिरवत ती गल्लीगल्लीतून थेट माझ्या दारात आली. मागं पंचवीस-तीस लोक. टीव्हीचं आहे, असं म्हणायला तोंडच उघडलं नाही. त्यांनी पाईप उतरवला, डबा पोत्यात घातला. "सर, तुमी शिकलेले. हे परवानगीशिवाय लावता येत न्हाई." जाताजाता त्यांच्यातल्या मोठ्यानं शेड ठोकून पाहिलं. "पत्र्यातून सिग्नल कसा जाईल? गाडी तेवढी लिंबाखाली काढा."

काढली. पंधरा पावलं. गाडी मोबाइलवर लगेच दिसली.

वहिनी महिन्यानं परत आली तेव्हा गावानं तिला सगळं सांगितलं. ती भांडायला येईल असं मला वाटलं होतं, किंबहुना मी वाटच पाहत होतो. ती शांतपणे आली, दारातच उभी राहिली.

"भाऊजी, त्या दिवशी गाडीत वाचून दाखवलं, तवा ठाऊक व्हतं का तुमाला?"

"न्हाई वहिनी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि गेली. बायको चुलीपाशी होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

दिवाळीला लेक माहेरी आली. वसमतला घ्यायला येऊ का, असं मी तिला फोन करून विचारलं. "नको काका, ऑटोनं येते," ती म्हणाली, आवाज अगदी नेहमीचा. त्यावरून मला कळलं नाही की तिच्या आईनं तिला सांगितलं आहे की नाही. ऑटो दारासमोर थांबला. तिनं उतरून मला वाकून नमस्कार केला, आणि वर न बघता आईच्या घरात गेली.