सर्किटवरचं बोट

वाकोल्यातल्या त्या रेडिओ दुरुस्तीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मी घरी बनवलेला सिंथेसायझर त्याच्याकडे नेला, तेव्हा चाळीच्या गणपतीतला माझा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता, आणि कुठलीही पट्टी दाबली तरी म्हैस रेकत होती.

त्याने सर्किटला कान लावला, वास घेतला, मग एका जोडावर बोट ठेवलं. सूर लागला. बोट उचललं की पुन्हा म्हैस. सगळे जोड नव्याने सोल्डर करूनही तेच.

"सर्किट बरोबर आहे," तो शांतपणे म्हणाला, "त्यात फक्त मी कमी आहे."

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि माझ्या टेबलाखाली मांडी घालून बसला. मी तासभर वाजवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यालाही वाजवायच्या होत्या. पण बोट न काढता तो दुसऱ्या हाताने मांडीवर थापा मारत राहिला.