मांडीवर दिलेली भूल

मुलीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे हे आम्हाला ती चार वर्षांची झाल्यावर कळलं. ऑपरेशनसाठी आम्ही नवरा-बायको तिला सुलतानपूरहून संभाजीनगरला घेऊन गेलो. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांवर माझा भरवसा बसला, भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंवर काही बसेना. त्या हृदयाचं बोलायच्याच नाहीत. सर्दी आहे का, दात हलतो का, घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, एवढंच विचारायच्या. यांना काहीतरी दिसलंय आणि सांगत नाहीत, असं मला वाटायचं.

शेजारच्या खाटेवर लोणारच्या एका टेलरभाऊंचा मुलगा होता. त्याच्याही हृदयाला छिद्रच. पण त्याला सुईतून भूल देणार होते आणि आमच्या मुलीला तोंडावर मास्क लावून. मी नर्सला विचारलं, शिकाऊ डॉक्टरला विचारलं. दोघंही म्हणाले, ते मॅडम ठरवतात. नवरा म्हणाला, गप राह्य. माझा संशय मात्र पक्का झाला.

शेवटी मी बाईंना व्हरांड्यातच अडवलं. "एकाच आजाराले दोन औषधं काऊन? आमी खेड्यातले म्हणून?"

त्या बाकड्यावर बसल्या, मलाही बसवलं. त्या मुलाची फुप्फुसाकडे जाणारी वाटही अरुंद आहे, म्हणून त्याचे ओठ निळे पडतात, असं त्यांनी सांगितलं. भुलीनं त्याचा बीपी उतरला तर अशुद्ध रक्त अंगभर जास्त जाईल, म्हणून त्याला सुईतून बीपी टिकवणारं भुलीचं औषध. आमच्या मुलीला तो धोका नव्हता. सुई पाहून ती रडून हैराण होण्यापेक्षा तिला मास्क बरा.

पटण्यासारखं होतं. पण समजावून सांगणारा माणूस खरंच सांगतो, असं थोडंच असतं?

"मंग माह्या मांडीवर झोपवा तिले," मी म्हणाले.

त्या हो म्हणाल्या.

मला हिरवा गाऊन घालून आत नेलं. मुलीनं मास्क ढकलला, बाईंनी तो पुन्हा लावला, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिची मान माझ्या हातावर कलंडली. बाईंनी तिला उचलून घेतलं. मी बाहेर येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्याकडेच पाहत होते.

ऑपरेशन नीट झालं. नंतर तिला श्वासाच्या मशीनवर झोपवूनच ठेवलं, तेव्हाही काहीतरी लपवतायत असंच मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. टेलरभाऊंचा मुलगाही पुढच्या आठवड्यात बरा होऊन बाहेर आला.

घरी आल्यावर मुलगी झोपायला बापाकडेच जायची. मी मांडी पुढे केली की मागे सरकायची. एकदा मी विचारलंच, काऊन वो?

"तू मले झोपवतं," ती म्हणाली, "अन् मंग दुसऱ्याले देऊन टाकतं."