मुलगा पसंत, गाव बघायचं राहिलं

मुलगा बघायला आमच्या घरातली माणसं पुष्कळ वेळा गेली आहेत. पण गाव बघायला म्हणून बॅग भरून निघालेली मी पहिलीच. माझी भाची अस्मिता हिला भंडारा जिल्ह्यातला एक मुलगा पसंत होता. प्रज्वल मेश्राम, सरकारी पशुवैद्य. दोघं भेटली होती, फोनवर तासन्‌तास बोलत होती. घोडं अडलं होतं ते गावापाशी. प्रज्वलला आपलं गाव सोडायचं नव्हतं आणि अस्मिताचा सगळा जन्म पुण्यात गेलेला.

"आत्या, मुलगा मी पाहिलाय. गाव तू बघून ये," ती म्हणाली. "मला तिथे राहता येईल का, एवढंच सांग. तू हो म्हणालीस तर हो, नाही म्हणालीस तर नाही."

एवढी मोठी जबाबदारी मला आजवर कुणी दिली नव्हती. आमच्या घरात पडद्यांचा रंगसुद्धा मला न विचारता ठरतो. मी नवा चष्मा केला आणि निघाले.

भंडारा रोड स्टेशनवर प्रज्वल गाडी घेऊन आला होता. "जय भीम, आत्या," म्हणत त्याने माझ्या हातातली बॅग काढून घेतली. कारध्याचा पूल ओलांडताना खाली वैनगंगा संथ पसरली होती. पुढे दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, त्यात पुंजणे (कापलेल्या धानाचे रचलेले ढीग) आणि मधूनमधून बोड्या (लहान तळी). हवा अशी की मी खिडकीची काच वर केलीच नाही. गावाला मनातल्या मनात अर्धे गुण देऊन टाकले. गावाचं नाव मात्र इथे लिहीत नाही. पुढचं वाचून कुणाचं तोंड वाकडं व्हायला नको.

घरी प्रज्वलचे वडील, मेश्रामभाऊ, दारातच उभे होते. नुकतेच निवृत्त झालेले, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट.

"गाव छान आहे हो तुमचं," मी म्हणाले.

"शहर, ताई," ते म्हणाले. "गोंदिया जिल्हा वेगळा झाला ना, तेव्हापासून लय डेव्हलप होऊन राहिलं. तुम्ही आज पाहूनच घ्या."

त्याआधी तर्री पोहे खावे लागले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते बघून भाऊंनी आणखी एक डाव वाढला. तिखट मारायला दोन तांबे पाणी आणि दोन कप चहा झाला. प्रज्वलची आई, सुषमाताई, निवृत्त शिक्षिका. त्यांनी आमच्याबरोबर पोहे खाल्ले, पण चहा घेतला नाही. पाणीही नाही. मला वाटलं, काही पथ्य असेल.

मग आम्ही चौघं शहर बघायला बाहेर पडलो.

चौकात कारंजं होतं. ते कोरडं होतं. "संध्याकाळी चालू होते, लायटिंगसकट," भाऊ म्हणाले. पुढे सेल्फी पॉइंट होता. तिथल्या बदामाच्या आकारात मला उभं करून फोटो काढला. त्यात मी फरार आरोपीसारखी दिसते. मग साड्यांचं एक तीन मजली दुकान. तिथला सरकता जिना खास माझ्यासाठी चालू केला. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच वीज गेली आणि मी एक पाय वर, एक पाय खाली अशी लटकले. सगळ्या दुकानाने हळहळ व्यक्त केली आणि मालकाने कॉफी मागवली.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की मी कशासाठी आले आहे हे साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. चष्म्याच्या दुकानदाराने हाक मारून बसवलं. "पोरीले पाठवा बिनधास्त, ताई. आमचं शहर एक नंबर आहे," म्हणत त्याने थंडा फोडला. औषधवाल्याने चहा दिला. नाही म्हणावं तर, "चाय कायले नाही म्हणता? आमच्यावर नाराज झाले का जी?" अशी विचारणा. मी म्हणजे जणू केंद्र सरकारचं पथक होते. माझ्या एका नकाराने प्रज्वलचं लग्न मोडणार, म्हणून जो तो मला काही ना काही पाजत होता. सुषमाताई मात्र प्रत्येक ठिकाणी हात जोडून नको म्हणत होत्या.

"आमच्या मंडळीले बाहेरचं काहीच चालत नाही. साधी बाई आहे," भाऊ कौतुकाने म्हणाले.

दुपार कलली आणि एवढं सगळं प्यायल्याची कळ असह्य झाली. होणाऱ्या व्याह्यांना हे सांगायचं कसं? सुषमाताई नेमक्या भाजीवालीपाशी मागे राहिलेल्या. शेवटी मी भाऊंना म्हणाले, "इथे बायकांसाठी... हातपाय धुवायला काही आहे का?"

भाऊंचा चेहरा उजळला. "आहे ना! स्पेशल आहे!"

त्यांनी मला एका गुलाबी इमारतीपुढे नेलं. भिंतीवर मोर, दारापुढे फरशी, कुंड्या. आणि दाराला हे मोठं कुलूप.

"वापरलं तर खराब होते ना," भाऊंनी समजावलं. "म्हणून बंद ठेवतात. पहा, एक डाग नाही. चावी पानवाल्यापाशी असते."

टपरीवरचा मुलगा म्हणाला की पानवाला लग्नाला आंधळगावला गेला आहे. चावी? खिशातच असेल.

"थांबा, फोन लावतो. बोलावून घेऊ त्याले."

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की समोरची रिक्षा थांबली.

तेवढ्यात सुषमाताई आल्या. त्यांनी एकदा कुलपाकडे आणि एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझा हात धरला आणि काही न विचारता एका गल्लीत शिरल्या. तिथे तळ्यात मासेमारी करणाऱ्या एका कुटुंबाचं घर होतं. ओसरीवर एक बाई शिंगाडे निवडत बसली होती. तिने मान वर न करता फक्त मागच्या दाराकडे बोट केलं.

मी परत आले तेव्हा जग फार सुंदर दिसत होतं. शिंगाडेसुद्धा.

"तुम्ही काही पीत का नाही, ते आत्ता समजलं," मी सुषमाताईंना म्हणाले.

त्या हसल्या. "नोकरीले लागली तेव्हापासून हेच आहे. घरून निघाली का वापस येईपर्यंत पाणी नाही पेत मी. अगदीच झालं तर चार-दोन घरं आहेत ओळखीचे. बाजारातल्या सगळ्या बायांले पाठ आहेत."

मला संताप आला. त्या घरांचे उपकार मानावेत तेवढे थोडे, पण नव्या नवरीची इथे कुणाशी ओळख असणार? चौकात भाऊ आणि प्रज्वल वाट बघत होते. मी सरळ विचारलं, "भाऊ, ताई बाहेर काही पीत नाहीत, का ते माहीत आहे?"

"आवडत नाही तिले."

"ताई, सांगा."

सुषमाताईंनी सांगितलं. भर चौकात, शांतपणे. भाऊ कोरड्या कारंज्याकडे बघत राहिले. "मले कधी सांगतलं काहून नाही?" ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं काहून नाही?"

प्रज्वल मला स्टेशनवर सोडायला निघाला. वाटेत त्याने गाडी कडेला घेतली. "आत्या, तुम्ही सांगायच्या आधी मले सांगू द्या," म्हणाला आणि त्याने माझ्यासमोरच अस्मिताला फोन लावला. "आमच्या इथं सगळं आहे म्हणालो होतो ना मी, ते चुकलं. मी आईले विचारलंच नव्हतं." पुढचं बोलायला तो गाडीबाहेर उतरला. आत आला तेव्हा डोळे पुसत होता. मुलगा मला आवडला, हे मी इथे स्पष्ट लिहिते.

पुण्यात पोचल्यावर मी अस्मिताला सगळा अहवाल दिला. हवा उत्तम, माणसं सोन्यासारखी, पण शहर म्हणण्यासारखं नाही. बाई घरून पोटभर पाणी पिऊन निर्धास्त निघते, ते शहर. तुला तिथे राहता यायचं नाही.

"आणि तू तुळशीबागेत जाताना पाणी पिऊन निघतेस?" अस्मिताने विचारलं.

मी नवा चष्मा काढून पुसायला घेतला. गेली कित्येक वर्षं मी घोटभर पिऊन निघते, आणि त्याबद्दल मला कधी संतापही आला नव्हता.

"मग त्यांना हो कळव," ती म्हणाली. "तिथे निदान एका घराला आता कळलंय."

साक्षगंध (साखरपुडा) त्यांच्याच गावात ठरलं. काल भाऊंचा फोन आला. "हॉल पाहून आलो, ताई. पार्किंग नाही, एसी नाही. पण बायांसाठी बाथरूम आहे. नळाले पाणी आहे, कडी लागते. मी सोता आत जाऊन लावून पाहिली."

"आणि उघडली का?" मी विचारलं.

फोनमध्ये मागून सुषमाताई हसल्या. "उघडत नव्हती! दार तोडून काढलं यांले. आता नवं दार हेच बसवून देऊन राहिले!"