शुक्रवारचा कोड्यांचा तास

मुलगी तिसरीत असताना तिच्या बोरीवलीच्या शाळेने काही निवडक मुलांसाठी शुक्रवारी कोड्यांचा जादा तास सुरू केला. तिच्या वहीत एकही लाल फुली नव्हती. चुकलेल्या कोड्याखाली बाई लिहायच्या, ‘अजून जमलं नाही.’ मला लगेच वास आला. पोरगी कच्ची आहे आणि शाळा गोड बोलून लपवतेय! आमच्या सोसायटीत अशी बातमी लिफ्टच्या आधी सातव्या मजल्यावर पोचते. मग ती खाली खेळायला गेली की मी घरी सोडवायला दिलेल्या कोड्यांची तिची उत्तरं खोडून, तिच्यासारख्याच वेड्यावाकड्या अक्षरात बरोबर उत्तरं लिहू लागलो. एका कोड्याने तर माझे अर्धे केस नेले.

महिन्याभरात बाईंनी मला आणि पोरीला बोलावलं. “हिचं आता काहीच चुकत नाही. हा तास चुकत-चुकत शिकणाऱ्यांसाठी आहे. हिची जागा दुसऱ्या कोणाला देते.”

पोरीचे डोळे भरले. “बाबा, मला तिथेच आवडतं ना!”

मी सगळं कबूल केलं. आता बाईंनाच संशय आला. “जागा टिकवायला सांगताय ना हे?” म्हणत त्यांनी एक नवं कोडं पोरीपुढे ठेवलं. ती डोकं खाजवत बसली आणि चुकली.

मी अख्खी शाळा हादरेल अशा टाळ्या वाजवल्या.

“बाबा, गप रे,” ती म्हणाली, “अजून करतेय मी!”