धनेशाने पेरलेलं रान

डोंगरावर मी एकट्याने लाखभर झाडं लावली, असं मी पाहुण्यांना सांगतो. खरी सतरा लावली, जगली दोन. पण परवाचं मात्र तिखटमीठ न लावता सांगतो.

पावसाआधी रोपांसाठी खड्डे खणायला गाव देवराईत जमलं होतं. आधी आम्ही जुन्या बेहड्याच्या झाडाखालचं सगळं तण उपटून जमीन अंगणासारखी लख्ख केली. वर ढोलीत धनेशाची, त्या मोठ्या चोचीच्या पाखराची, मादी दरवर्षीसारखी ढोलीचं तोंड लिंपून आत अंड्यांवर बसली होती; नर बाहेरून फटीतून तिला फळं भरवतो. तिने आतून टाकलेली बी टपकन माझ्या टोपीवर पडली.

ती बी ओळखून रोपवाटिकेच्या सखूआत्याने उपटलेल्या ढिगाकडे धाव घेतली. एक रोपटं उचललं आणि ती आमच्यावर ओरडली.

"मेल्यांनो, ही रानजायफळाची रोपं! तीन वर्षं पिशव्यांत रुजवतेय, एक जगलं नाही. आणि इथं एवढी उभी होती!"

त्या पाखराने ना कधी खुरपं धरलं, ना सत्काराचा नारळ घेतला. बायकोपोरांना भरवता भरवता त्याने रान पेरलं, आणि रान वाढवायला निघालेल्या आम्हा लोकांनी ते तासाभरात साफ केलं.

आत्याने माझ्या टोपीवरची बी घेऊन मातीत ठेवली. "आता कोणी काही करू नका," ती म्हणाली.

तेवढ्यात चोचीत फळ घेऊन नर आला. सबंध गावाने खुरपी पाठीमागे लपवली.